साडूसाठी वेगळा धोंडा

माझ्या साडूचं पोट गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली. मेहुणीने, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीने, नवऱ्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता. शिक्रापूरच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर साडू एका अंगाने उभा होता, शर्ट पँटीत खोचलेला. पट्ट्याच्या वर जिथे लग्नानंतर वर्षभरात एक घागर येऊन बसली होती आणि पुढे कधी हलली नव्हती, तिथे काहीच नव्हतं. मी फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. घागर खरोखरच नव्हती.

पाटसला माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. त्या दिवशी ते लवकर बंद करून मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो की तुझ्या मेहुण्याला काहीतरी मोठा आजार झालेला दिसतोय. आवाजात शक्य तितकी काळजी आणली होती. बायकोने पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे पाहिलं. "आजार झालाय खरा," ती म्हणाली, "पण त्याला नाही."

लोकांना वाटतं, साडू-साडूंमधली चुरस भाऊबंदकीसारखी असते. तसं अजिबात नाही. भाऊबंदांना वाटून घ्यायला जमीन तरी असते. साडूंना वाटून घ्यायला फक्त एक सासू असते, आणि तिची मोजणी कुणी करून देत नाही.

त्यात आमचं दोघांचं फार छान चाललं होतं. तो कारखान्यात सुपरवायझर, मी दुकानदार. दोघांचंही काम खुर्चीतलं. दोघांचीही शुगर निघाली, दोघांनाही गोळ्या लागल्या. मी त्याच्यापेक्षा वयाने मोठा, तो माझ्यापेक्षा वजनाने. लग्नकार्यात फोटो काढायची वेळ आली की मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभा राहायचो. त्याच्या शेजारी मी मध्यम दिसायचो. माझ्या जाडीचा खरा आधार तो होता आणि मला न विचारता त्याने तो काढून घेतला होता.

फोन करून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कीटो, साडूभाऊ." हे त्याने असं सांगितलं, की जणू ती एखादी नोकरी आहे आणि त्याला लागली आहे. भाकरी बंद, भात बंद, साखर-गूळ बंद, डाळसुद्धा जवळजवळ बंद. अंडी, पनीर, तूप, लोणी, खोबरं, पालेभाज्या, आणि चालत असेल त्या दिवशी मटण. पोटात धान्य गेलं नाही की शरीर नाइलाजाने आपलीच चरबी जाळायला घेतं, असं त्याने मला समजावलं. कारखान्यातल्या कुणीतरी त्याला हे सांगितलं होतं आणि बाकीचं त्याने मोबाईलवर पाहून शिकून घेतलं होतं. डॉक्टरांना विचारलं का, असं मी विचारलं नाही. मला तेव्हा त्याच्या तब्येतीची एवढी काळजी नव्हती.

मला खरा आनंद दिला तो सुरुवातीच्या दिवसांनी. मेहुणी माझ्या बायकोला फोनवर सगळं सांगायची आणि बायको पलीकडच्या खोलीत बोलत असली तरी मी टीव्ही बंद करून ऐकायचो. त्याचं डोकं दुखत होतं. अंग मोडून आल्यासारखं होत होतं. पायात गोळे येत होते. संडासला होत नव्हतं. चिडचिड इतकी, की भाडेकरूंच्या मोटरसायकली दारात लागल्या म्हणून तो त्यांच्याशी हिंदीत भांडला होता. आणि तोंडाला कसलासा वास येत होता, कुजक्या फळासारखा. हे शेवटचं ऐकून मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पण पुढे फोन बदलत गेले. डोकं थांबलं. वजन उतरायला लागलं. पहिल्या झपाट्यात उतरतं ते बरंचसं पाणीच असतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि बायकोला ऐकवलंही होतं. पण पाणी उतरून संपलं तरी तो उतरतच राहिला. त्याचं घोरणं बंद झालं. जिना चढताना गुडघा कुरकुरायचा थांबला. आणि मग एक दिवस बायकोने सांगितलं, की त्याची शुगर एकदम छान आली आहे. माझी त्याच आठवड्यात आली होती आणि तो कागद मी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये उताणा नव्हे, पालथा ठेवला होता.

मीही करून पाहिलं, नाही असं नाही. पण पाटसला ते शक्य नाही. ऐन हंगामात साखर कारखान्याचं धुराडं चालू असताना सगळ्या हवेला गोड वास असतो. माणसाने नुसता श्वास घेतला तरी त्याचा नेम मोडतो. माझा दुसऱ्या दिवशी दुपारी मोडला. श्वासाबरोबर दोन जिलब्याही होत्या, पण मुख्य कारण हवाच.

अशा मनःस्थितीत धोंड्याचा महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, ही आपल्याकडची रीत. गव्हाच्या कणकेत पुरण भरून वळलेले, वाफवलेले, वरून तुपाची धार. माझी सासुरवाडी शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या शेजारी. तिथे एक जास्तीची रीत आहे. पहिला घास थोरल्या जावयाचा. सासू स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात धोंडा घालते, आणि तोवर त्या घरात कुणी तोंड उष्टं करत नाही, लहान पोरंसुद्धा नाहीत. तीन वर्षांतून एकदा का होईना, पण सगळं घर उपाशी पोटी माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. राजाचा राज्याभिषेक याहून वेगळा काय असतो? धाकट्याची पाळी माझ्यानंतर. त्याने लवकर घास मिळावा म्हणून काढलेलं केविलवाणं तोंड पाहत मी माझा घास फार सावकाश चावायचो.

या वेळी मी गाडीतून उतरलो तेव्हा ओसरीवर कुणी नव्हतं. सगळे आत साडूभोवती गोळा झाले होते. चुलत सासवा त्याला पुढून मागून बघत होत्या. एकीने त्याचा दंड चिमटीत धरून पाहिला. तो पांढऱ्या शर्टात उभा होता आणि लाजत होता. लाजणं त्याला आता शोभतही होतं. मला पाहून सासूबाई म्हणाल्या, "या, बसा," आणि पुन्हा त्याच्याकडे वळल्या.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी विहीर पाडून शेती केली, पण बोलण्यात अजून मेंढरं येतात. जावई काय खातो, काय खात नाही, हे त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं.

"म्हंजी पाव्हणं, मेंढीवानी निस्ता पालाच की," आबा म्हणाले.

"पाला आणि वर तूप, आबा," साडू म्हणाला.

"तूप?" आबांनी जरा विचार केला. "आमच्यात मेंढीचं बी एवढं लाड नव्हतं."

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात डोकावलो आणि तिथे जे पाहिलं, ते आजही डोळ्यांपुढून जात नाही. आमचे धोंडे सकाळीच होऊन टोपलीत झाकून ठेवलेले होते. आणि सासूबाई चुलीपुढे बसून दुसराच धोंडा वळत होत्या. खोवलेलं खोबरं, कुस्करलेलं पनीर, शेंगदाण्याचा कूट. कणीक नाही, गूळ नाही. जावई धोंडा न खाता उठला तर दोष लागतो, आणि तो गहू खात नाही. म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्याने हा मार्ग काढला होता. कणकेशिवाय तो गोळा वाफेत टिकत नव्हता. एक घाणा फुटून गेला होता. त्या दुसरा वळत होत्या आणि कपाळाचा घाम पदराने पुसत होत्या.

मला शुगर त्याच्या आधीपासून आहे. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी शुगरच्या गोळ्या घेत दर धोंड्याच्या महिन्यात गुळाचं पुरण मुकाट गिळलं, कधी कुरकुर केली नाही; आणि माझ्यासाठी कधी कुणी वेगळा धोंडा वळला नाही. मी बायकोला हे ऐकवलं. ती म्हणाली, तुम्ही मुकाट कुठे गिळलंत, तुम्ही तर परत मागून घेतलेत. ही माणसं मुद्द्याचं बोलतच नाहीत.

तर त्या धोंड्यापायी जेवण लांबलं. उन्हाळा, पत्र्याची ओसरी, बारा वाजून गेलेले. पहिला घास झाल्याशिवाय कुणी काही खायचं नाही, आणि पहिला घास दोन्ही जावई पाटावर बसल्याशिवाय नाही. पोरं रडकुंडीला आली. मी भुकेने आणि मत्सराने निम्मा झालो होतो. वजन कमी करायचा हा मार्ग कुणी मोबाईलवर सांगत नाही. दुसराही घाणा फुटला. सासूबाईंनी तिसरा लावला.

माझी नजर साडूवरच होती. ती सकाळपासून दुसरीकडे गेलीच नव्हती. त्यामुळे बाकी कुणाच्या आधी मला दिसलं, की तो बोलायचा थांबलाय. मग त्याच्या शर्टाला पाठीवर ओल दिसली. उकाडा सगळ्यांनाच होता, पण घाम असा गळत नव्हता कुणाचा. चुलत मेहुण्याने त्याला पाण्याचा तांब्या दिला, तो धरताना त्याचे हात थरथरले आणि पाणी सांडलं. मेहुणी हसून काहीतरी म्हणाली तर तो एकदम तिच्यावर खेकसला, आणि शब्द तोंडात अडखळले. मग तो भिंतीला टेकून खालीच बसला. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

घरात एकच गोंधळ उडाला आणि क्षणात निदानही झालं. नजर लागली. एवढा देखणा झालेला माणूस, नवा पांढरा शर्ट, घरभर पाहुणे, लागणारच. चुलत सासूने तसं म्हटलं आणि म्हणता म्हणता तिचे डोळे माझ्यावर आले. मग दुसरीचे आले. मग आबांचे. माझी स्वतःची बायको, जिला मी तो फोटो ताणून दाखवला होता, तीसुद्धा माझ्याकडे बघू लागली. खरं सांगायचं तर नजर मी लावलीच होती, सकाळपासून तेच तर काम होतं. फक्त माझ्या नजरेत एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि एक क्षणभर मला त्याचा अभिमानही वाटला.

सासूबाई मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आल्या आणि त्याच्यावरून उतरू लागल्या. तेवढ्यात साडूचा हात पुन्हा थरथरला, आणि मला माझा हात आठवला. मागे एकदा दुकानात गिऱ्हाइकाच्या गर्दीत मी गोळी घेऊन जेवायचं विसरलो होतो, तेव्हा असाच घाम, असाच थरकाप. समोरच्या रसवंतीवाल्याने रस पाजला म्हणून उठलो होतो. मी खाली बसून त्याला विचारलं, सकाळी गोळी घेतली का. त्याने मान हलवली, घेतली. खाल्लं काय? त्याने मान हलवली, काही नाही. धान्य तर कित्येक महिन्यांत नाही, आणि गोळी मात्र जुनीच, तेवढीच.

"साखर आणा," मी म्हणालो. "पाण्यात घालून. लवकर."

कुणी हललं नाही. मेहुणी माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दाजी," ती म्हणाली, "तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. पण आत्ता तरी त्यांचा नेम मोडू नका."

साडूनेही तोंड फिरवलं. ओठ घट्ट मिटून तो पुटपुटला, "कार्ब नको, साडूभाऊ."

आता माझी पंचाईत बघा. अख्ख्या घरात त्याला काय झालंय ते मला एकट्याला कळलं होतं, आणि अख्ख्या घरात गोड पाजायला नालायक असा माणूसही मी एकटाच होतो. साखर पाजली आणि तो उठला नाही, तर मी चेटूक केलं. पाजली आणि उठला, तर मी डाव साधून त्याचं व्रत बुडवलं. गप्प बसलो असतो तर मात्र मला कुणी काही म्हटलं नसतं. तो जमिनीवर हळूहळू कलत होता.

मी देवापुढची साखरेची वाटी उचलली. बायकोने, देव तिचं भलं करो, न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. मी निम्मी वाटी त्यात ओतली, बोटानेच ढवळली, साडूला बसता केला आणि विचारलं, गिळता येतंय ना. त्याने एक घोट घेऊन दाखवला. मग दुसरा घेईना. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "गुपचूप पी. नाहीतर तुझ्या वाटचा धोंडाही मीच खाणार, आणि फोटोपण एकट्या माझाच निघणार."

तो प्यायला. मागे सासूबाईंनी मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका अजिबात उठला नाही. ठसका उठला नाही म्हणजे नजर जबरदस्त होती, असं सगळ्यांचं मत पडलं आणि पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेला मी खाली ठेवलेलाही नव्हता.

जरा वेळाने त्याच्या तोंडावर रंग आला. घाम थांबला. त्याने डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न मला विचारला.

"किती ग्रॅम होती?"

त्याला तसाच गाडीत घालून मी शिरूरला दवाखान्यात नेलं, कारण या गोळीने साखर एकदा उतरली की पुन्हा उतरू शकते, हे मला माझ्या वेळी सांगितलेलं होतं. डॉक्टरांनी त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, थोडं थोडं खायला लावलं, मधूनमधून बोट टोचून पाहत राहिले. साडूने खरं काय ते सांगितलं. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या त्यांना त्याने खाणं बदलल्याचं कळू दिलं नव्हतं. बंद करायला लावतील म्हणून. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, भाकरी खाणाऱ्या माणसाची गोळी तुम्ही भाकरी सोडल्यावरही घेत राहिलात. खाण्याने जे काम केलं तेच काम गोळीनेही केलं, मग साखर उरणार कुठून. अशा खाण्याने वजन आणि साखर कमी होते हे खरं, पण शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याने हे आपल्या मनाने करायचं नसतं. गोळ्या आधी कमी कराव्या लागतात. रक्तातली चरबी तपासायला हवी, कारण काहींची त्यात वाढते. पाणी भरपूर, मूत्रपिंडाकडे लक्ष. त्यांनी गोळी बदलून दिली. आणि रिपोर्ट बघून शेवटी म्हणाले, तीन महिन्यांची सरासरी मात्र छान आहे तुमची.

मी शेजारी उभा होतो. एवढं सगळं होऊनसुद्धा त्याची छानच होती.

आम्ही परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. घर अजून उपाशीच होतं. पोरांना तेवढे शेंगदाणे दिले होते. पाट मांडले. मी थोरल्याच्या पाटावर बसलो, तोंड जरा उघडंच ठेवलं. सासूबाई धोंडा घेऊन आल्या, माझ्यासमोर थांबल्या, आणि म्हणाल्या, "तुम्ही कळतं माणूस हाय. त्यास्नी डाक्टरनं वेळंवर खायला सांगितलंय." आणि तो पनीर-खोबऱ्याचा, अखेर न फुटलेला धोंडा त्यांनी साडूच्या तोंडात घातला. पहिला घास. त्या घरात हे पहिल्यांदाच घडलं, आणि वर मला बोलायची सोय नव्हती, कारण मी कळतं माणूस होतो.

मला माझा धोंडा दुसरा मिळाला. साडूने चावता चावता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आभार मानायला तोंड रिकामं नव्हतं त्याचं.

पाटसकडे परतताना कुरकुंभच्या अलीकडे बायको म्हणाली, "बरं केलंत तुम्ही. तुमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं."

मी गाडीचा वेग कमी केला. असं वाक्य पूर्ण ऐकावं.

"फक्त एक," ती म्हणाली. "पेला त्याच्या तोंडाला लावताना तुमचं पोट सारखं आड येत होतं. मला वाटलं, पाणी सांडतंय आता."

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता मी दौंडला आमच्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर आल्यावर समोर बसलो, गोळ्यांची पाकिटं सगळी टेबलावर काढून ठेवली आणि सांगितलं, की मला भात-भाकरी कमी करायची आहे, आधी यातल्या कुठल्या गोळ्या किती घ्यायच्या ते ठरवून द्या. डॉक्टर खूश झाले. इतकी वर्षं ते सांगत होते, तेव्हा मी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, किती वजन उतरवायचं मनात आहे.

"साडूपेक्षा थोडं जास्त," मी म्हणालो.

त्यांनी नुसतं कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवलं. मी चपला काढल्या. मोबाईल, किल्ल्या, पाकीट, मनगटातलं घड्याळ टेबलावर ठेवलं, दोन्ही खिसे उलटे करून झटकले, पोट जमेल तितकं आत ओढलं आणि काट्यावर चढलो.